विचारा की! बोनसाय स्पेशल: पाच फुटी फायकस, गळणारी पानं आणि सासूबाईंचा पिंपळ

गेल्या अंकात नर्सरीतल्या पडीक झाडांबद्दल सहज दोन ओळी लिहिल्या होत्या, की बोनसायसाठी पुढच्या बाजूची टवटवीत रोपं बघू नका, मागे कोपऱ्यात टाकून दिलेली बघा. त्यावर इतके मेसेज आले की या वेळचा सगळा कॉलम बोनसायलाच देऊन टाकतेय. बहुतेकांनी एकच गोष्ट विचारलीय, झाड आणलंय, ट्रे पण आणलाय, आता लावू कधी? माझं उत्तर बऱ्याच जणांना आवडणार नाहीये. ट्रे सध्या माळ्यावर ठेवून द्या.

प्रश्न: ताई, नाशिकजवळच्या एका नर्सरीत पत्र्याच्या शेडमागे एक फायकस दिसलं. पाच फूट उंच, खाली खोड मनगटाएवढं जाड, पानं फक्त शेंड्याला. पिशवी फाटून मुळं जमिनीत गेलेली. मालक म्हणाला ३०० द्या न् घेऊन जा. त्याच्या माणसाने कुदळीने खालचं मूळ तोडून पिशवी काढून दिली. आता आठ दिवस झाले, पानं पिवळी पडून गळतायत. मी निळा बोनसाय ट्रेसुद्धा घेऊन ठेवलाय. लगेच त्यात लावू की झाड गेलंच?

गेलं असं लगेच समजू नका. नखाने खोडाची साल जराशी खरवडून बघा, आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला तर झाड जिवंत आहे. असंच शेंड्यापासून खाली बघत या, जिथे चीक येत नाही आणि आत तपकिरी दिसतंय तो भाग मेलाय, तेवढा काढून टाका.

पानं गळण्याचं कारण सरळ आहे. ते झाड पिशवीतल्या मातीवर जगत नव्हतंच, ते जगत होतं पिशवीखालच्या जमिनीवर, आणि ती मुळं कुदळीच्या एका घावात गेली. वर झाड आहे तेवढंच, पाणी ओढणारी मुळं मात्र निम्मी, वरून मे महिन्याचं ऊन, मग ते पानं टाकणार नाही तर काय करणार. त्यामुळे आत्ता पिशवीला हात लावू नका, माती हलवू नका, झाड सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशा जागी न्या, ग्रीन नेट असेल तर फारच छान. उंची मात्र आत्ताच निम्म्याने कमी करा. पाण्याचं म्हणाल तर बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं आणि कोरडं लागलं तरच घालायचं, कारण पानं नसलेलं झाड फारसं पाणी पीत नाही आणि लोक घाबरून नेमकं तेव्हाच बादली ओततात, मग उरलेली मुळंही कुजतात. खत अजिबात नको, टॉनिक, ह्युमिक, जे काय दुकानदाराने गळ्यात मारलं असेल तेही नको.

कापायच्या आधी एक खात्री करा. नर्सरीत फायकस या नावाखाली काहीही विकतात. पान जाडसर, लंबगोल, चकचकीत असेल, फांद्या सरळ वर जाणाऱ्या असतील तर ते बहुतेक आपलं नांद्रुक, म्हणजे फायकस मायक्रोकार्पा. पान पातळ, टोकाला लांब शेपटी काढल्यासारखं आणि फांद्या खाली झुकलेल्या असतील तर बेंजामिना. फरक महत्त्वाचा आहे. नांद्रुक नुसतं खोड ठेवलं तरी त्या उघड्या खोडावर ठिकठिकाणी फुटतं. बेंजामिनाचा तसा भरवसा नाही, ज्या फांदीवर एकही हिरवं पान ठेवलं नाही ती फांदी सरळ वाळून जाऊ शकते, त्यामुळे तिथे कापताना थोडी पानं राखूनच कापायचं. मनगटाएवढं खोड आणि शेंड्यालाच पानं म्हणताय, बेंजामिना निघालं तर घाई करू नका, खाली एखादा फुटवा येऊ द्या मग वरचं कापा.

कापल्यावर चीक धो धो येईल, ओल्या फडक्याने टिपा, हाताला लागला तर धुवा, डोळ्याला लावू नका. मोठ्या कापाला लेप हवा. तुम्ही नाशिकचे, ओळखीत कुणाची तरी द्राक्षबाग असणारच, त्यांच्याकडे मोरचूद आणि कळीचा चुना मिळेल. १० ग्रॅम मोरचूद, १० ग्रॅम चुना, १०० मिली पाणी, दोन्ही वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं, प्लास्टिकच्या डब्यात, लोखंडाच्या नाही. बागवाले छाटणीच्या जखमांना लावतात ती बोर्डो पेस्ट हीच.

आता खरं काम. नवे कोंब फुटून चार-सहा पानं पक्की झाली, पाऊस बसला, साधारण जूनअखेर ते जुलै, की पिशवी कापा. लगेच मुळं कापायला घेऊ नका. एक लाकडी काडी घ्या आणि खोडाच्या कडेने वरची माती उकरत खाली जा. नर्सरीत रोप छोट्या पिशवीतून मोठीत जाताना दर वेळी थोडं जास्त खोल जातं, वर माती पडत राहते, त्यामुळे वर दिसतं ते खोड खांबासारखं सरळ जमिनीत घुसलेलं. उकरत गेलात की आधी केसाएवढ्या बारीक मुळांचा एक थर लागेल, मग काही नाही, नुसतं खोड, आणि आणखी खाली, इंचभर असेल, तीन इंच असेल, खोड अचानक रुंद व्हायला लागतं आणि अंगठ्याएवढी मुळं बाहेर निघालेली दिसतात. तिथे थांबा. तीच तुमच्या झाडाची जमीन. बोनसायवाले या रुंद बुंध्याला आणि त्यातून पसरलेल्या मुळांना नेबारी म्हणतात, आणि पडीक झाडाचे ३०० रुपये तुम्ही याच्यासाठी मोजलेत, पानांसाठी नाही. वरची बारीक मुळं मग कापून टाकायला हरकत नाही, फक्त खालची मुळं नीट जिवंत आहेत हे आधी बघा, कधीकधी खालची कुजलेली असतात आणि झाड वरच्यांवरच तग धरून असतं, तसं असेल तर ती राहू द्या.

पिशवीच्या कडेने गोल गोल फिरलेली मुळं सोडवून कापा, खोडाला वेटोळं घातलेलं एखादं मूळ असेल तर ते तर नक्कीच, नाहीतर ते पुढे फास आवळत जातं. सरळ खाली जाणारं जाड मूळ आखूड करा. बारीक तंतुमुळं जितकी वाचतील तितकी वाचवा. नांद्रुक पावसाळ्यात निम्मी मुळं गेली तरी सहन करतं, पण तुमच्या झाडाला एक फटका आधीच बसलाय त्यामुळे एक तृतीयांशावर थांबा.

लावायचं कशात? भाजी धुवायची प्लास्टिकची जाळीची टोपली आणा, बारा-चौदा इंची. मूळ जाळीच्या भोकातून बाहेर डोकावलं की हवेने त्याचं टोक वाळतं आणि मागून नवी बारीक मुळं फुटतात, कुंडीत होतं तसं गोल गोल फिरणं बंद. खोडाच्या बरोबर खाली एक फरशीचा तुकडा ठेवा, मुळं खाली जाण्याऐवजी आडवी पसरतील. आणि झाड टोपलीला तारेने घट्ट बांधा, हलवून बघा, हललं तर पुन्हा बांधा. हलणाऱ्या झाडाची नवी मुळं रोज तुटतात, बाकी सगळं बरोबर करूनही झाडं जातात ती यामुळेच.

माती म्हणाल तर माती जवळजवळ नकोच. नर्सरीची लाल माती दोन पावसात सिमेंट होते, काळी माती फुगते आणि भेगाळते. विटांचे तुकडे कुटून चाळा, धूळ फेकून द्या, साधारण ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे खडे ठेवा, असे दोन भाग, जाडी वाळू एक भाग, जुनं शेणखत किंवा पानांचं खत एक भाग. जपानहून येणारी अकाडामा वगैरे माती बोनसायच्या व्हिडिओत दिसते, ती किलोच्या भावाने विकत घेण्यात अर्थ नाही, आपल्याकडे वीट आहे.

आता उंची. ढोबळ हिशोब असा की बोनसायची उंची खोडाच्या जाडीच्या सहापट. तुमचं खोड अडीच इंच धरलं तर पूर्ण झालेलं झाड पंधरा इंचांचं. म्हणजे पाच फुटांतला वरचा बहुतेक भाग जाणारच आहे, आणि पहिला कायमचा काप त्या पंधरा इंचांच्याही एक तृतीयांशावर, पाच-सहा इंचांवर यायला हवा. ऐकून पोटात गोळा येतो, माहितीय. पण विचार करा, सरळ खांब पंधरा इंचांवर कापला तर तो कापलेला खांबच दिसणार. पाच इंचांवर कापून तिथून एक नवा फुटवा वर न्यायचा, तो मोकाट वाढू द्यायचा, चार फूट गेला तरी कापायचा नाही, खालच्या खोडाच्या निम्म्याएवढा जाड झाला की मग कापायचा, त्यावरून तिसरा. अशाने खोड खाली जाड वर बारीक होत जातं आणि म्हाताऱ्या झाडासारखं दिसतं. हा काप यंदा नको, पुढच्या जूनमध्ये, झाड दणकट झाल्यावर. आणि नेमकं कापायचं तिथून दोन इंच वर कापा, कारण कापलेलं टोक थोडं मागे वाळत येतं, उरलेला खुंट नंतर तिरका काढता येतो.

म्हणजे तीन-चार पावसाळे टोपलीत. ट्रेमध्ये गेलं की झाडाची वाढ मंदावते, खोड जाड होणं जवळपास थांबतं. ट्रे हा झालेल्या झाडाला असतो.

प्रश्न: ताई मी नववीत आहे, कोल्हापूरला. नर्सरीत गेल्यावर बोनसायसाठी कुठलं झाड चांगलं ते कसं ओळखायचं? बजेट १०० रुपये.

१०० रुपयांत होतं की. तू पुढच्या रांगा सोड, सरळ मागे जा, जिथे फाटक्या पिशव्या आणि वाकडी झाडं टाकलेली असतात. पानांकडे बघूच नकोस, उकिडवा बस आणि बुंधा बघ. बोटाने वरची माती थोडी बाजूला कर (मालकाला विचारून), बुंधा खाली रुंद होतोय का, मुळं एकाच बाजूला आहेत की दोन-तीन बाजूंना, खोडाला जरा वळण आहे का, खाली एखादी फांदी आहे का. खोडावर अचानक जाडी बदलणारा सांधा दिसला तर कलम असतं, तो सांधा पुढे कायम दिसत राहतो, ते नको. जाड खोडाचं उघडंबोडकं झाड हिरव्यागार काडीपेक्षा कधीही चांगलं. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, घरी नेऊन बाकीच्या कुंड्यांना लावशील, ते ठेवून दे. तुझ्या बजेटमध्ये कामिनी, चिंच, जेड, नांद्रुक यातलं काहीही मिळेल. चिंच मिळाली तर घे, पान जात्याच बारीक असतं आणि साल लवकर खडबडीत होते. पैसे उरले तर फांद्यांना वळण द्यायची वायर घेऊ नकोस, पक्कड घे.

जंगलातून, किल्ल्याच्या वाटेवरून झाड उपटून आणायचं मात्र नाही हं. राखीव जंगलात भारतीय वन अधिनियम १९२७ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि तसं आणलेलं झाड बहुतेक मरतंच.

प्रश्न: फांदीला ॲल्युमिनियमची वायर गुंडाळली, महिन्याभरात ती सालीत रुतली. उलगडायला गेलो तर साल निघाली. (ठाणे)

पावसाळ्यात गुंडाळली असणार. त्या दिवसांत नांद्रुकाची फांदी इतक्या झपाट्याने जाड होते की दर आठवड्याला बघावं लागतं, आणि सालीत घुसायला लागली दिसली की काढायची, वळण बसलं असो वा नसो, नसेल बसलं तर पुन्हा वेगळ्या जागी गुंडाळा. उलगडायची नाही, कटरने तुकडे तुकडे करून काढायची. वायरची जाडी फांदीच्या साधारण एक तृतीयांश, वेढे ४५ अंशात. पडलेले वळ दोन-तीन वर्षांत बुजतात बहुतेक.

प्रश्न: मी नर्सरीतून वाकडातिकडा पिंपळ आणला. सासूबाई म्हणतात पिंपळ घरात नको, आणि झाडाला उपाशी ठेवून खुजं करणं पाप आहे. खरंच झाडाला त्रास होतो का? (नागपूर)

घरात नको हे तर मीही म्हणेन, वेगळ्या कारणाने. पिंपळाला घरात पुरेसं ऊन मिळत नाही, त्याची जागा गच्चीवर. तरी त्यांच्या मनाला ते लागत असेल तर वाद घालत बसू नका, पिंपळ एखाद्या मोकळ्या जागी जमिनीत लावा आणि तुम्ही चिंच घ्या. शिवाय सुरुवातीला पिंपळ कठीणच, पान तळहाताएवढं, ते बारीक करायला झाड धष्टपुष्ट असताना सगळी पानं काढावी लागतात, तेही दमादमाने.

उपाशी ठेवण्याचं मात्र त्यांना नीट सांगा. बोनसाय उपासमारीने छोटं राहत नाही, छाटणीने राहतं. उलट मुठीएवढ्या मातीत जगणाऱ्या झाडाला रस्त्याकडेच्या झाडापेक्षा जास्त नियमित खाणं-पाणी लागतं, तुमच्या नागपूरच्या मे महिन्यात तर दिवसातून दोनदा पाणी आणि वर शेडनेट. छळलेलं झाड चारशे वर्षं जगेल का? वॉशिंग्टनच्या नॅशनल बोनसाय अँड पेनजिंग म्युझियममध्ये एक जपानी पांढरा पाइन आहे, १६२५ पासून कुंडीत वाढवलेला, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्याही आधीचा. तो हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाकडे होता, ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तिथून साधारण तीन किलोमीटरवर, आणि वाचला. १९७६ मध्ये तो अमेरिकेला भेट दिला. तो बॉम्बमधून वाचलाय हे म्युझियमवाल्यांना कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. हे सासूबाईंना सांगून बघा, पाप-पुण्याचं नाही पण निदान झाडाबद्दल बोलणं तरी सुरू होईल.

प्रश्न: मडगावला आमच्या कुंपणाची भिंत पाडतायत, तिथली जुनी बोगनवेल निघणार. बुंधा मांडीएवढा आहे. बोनसाय होईल का?

होईल, आणि असा बुंधा नर्सरीत पैसे देऊन मिळत नाही, त्यामुळे कंत्राटदाराला आधीच सांगून ठेवा. बोगनवेलीचं गणित नांद्रुकाच्या उलट आहे, मुळं फार नाजूक, ती धुवायची नाहीत, माती झटकायची नाही, जमेल तेवढा मातीचा गोळा धरून काढायची. वर फांद्या आखूड करा, लहानशा टबात विटेच्या खड्यात बसवा आणि वरून मोठी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल बांधा म्हणजे आत दमटपणा राहील. सावलीत ठेवायची, उन्हात पिशवी असेल तर आत शिजेल. तुमच्याकडचा पाऊस थेट अंगावर घेऊ देऊ नका, पत्र्याखाली ठेवा, बोगनवेल ओल्या पायांनी मरते.

दोन-तीन आठवड्यांत बुंध्यावर लाल-हिरवे कोंब फुटतील आणि सगळे जण इथेच फसतात. कोंब फुटले म्हणजे मुळं फुटली असं नाही, ते बुंध्यात साठवलेल्या अन्नावर फुटलेले असतात. आनंदाने उन्हात नेली किंवा उपटून बघितली की कोंब एका दिवसात माना टाकतात. निदान दोन महिने जागेवरून हलवू नका, पिशवी हळूहळू उघडा, आधी एक कोपरा, मग थोडी जास्त.

प्रश्न: न्यू जर्सीला राहतो. इथल्या नर्सरीत ऑक्टोबरमध्ये राहिलेली झाडं अर्ध्या किमतीत देतात. घेऊ का? आणि घरातलं फायकस थंडीत पानं टाकतंय.

सेल गाठा, ज्युनिपर, बॉक्सवूड मिळेल, पण घेऊन लगेच कात्री चालवू नका, काम वसंतात. ही झाडं थंडीतली आहेत, घरात आणायची नाहीत, कुंडी जमिनीत गाडून वर सुक्या पानांचा थर द्या. फायकसचं उलट, १० अंश सेल्सिअसच्या खाली तापमान जायच्या आत घरात, दक्षिणेच्या खिडकीत, हीटरच्या झोतापासून लांब. बाहेरून आत आणलं की ते थोडी पानं टाकतंच, पाणी कमी करा आणि थांबा. छाटणी, मुळं कापणं सगळं जूनमध्ये, आमच्यासारखंच.

प्रश्न: सोलापूरला ऑनलाइन मागवलेला ज्युनिपर बोनसाय तपकिरी पडतोय, काय फवारू?

काहीच नको. ज्युनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवा दिसत राहतो, तपकिरी दिसायला लागला म्हणजे गोष्ट बरीच जुनी आहे. त्याला थंड हिवाळा लागतो, सोलापुरात तो मिळणार नाही. ट्रे धुवून ठेवा.

प्रश्न: जेडच्या जुन्या कुंडीतून जाड खोडाचा तुकडा मिळाला, लावला तर खालून मऊ पडून कुजला. (सातारा)

कापून लगेच लावला आणि लगेच पाणी घातलं, बरोबर ना? मऊ भाग पूर्ण कापून टाका, आत स्वच्छ हिरवट दिसेपर्यंत, आणि तुकडा सावलीत नुसता पडू द्या, आठवडाभर, जाड असेल तर जास्त, कापाला कोरडी खपली धरेपर्यंत. मग कोरड्या विटेच्या खड्यात बसवा, हलणार नाही असा टेकू द्या आणि आणखी आठवडाभर पाणी घालू नका. पानं थोडी सुरकुततील, सुरकुतू देत.